पानात पडेल ते

आमच्या घरी रात्री चार पानं मांडली जातात आणि त्यांतल्या दोन पानांवर पहारा असतो. एक पान चिरंजीवांचं, वय वर्षं 7. त्याच्या पोटात जास्तीत जास्त काय जाईल हे बघायचं. दुसरं अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वय वर्षं 78, शिवाय साखर. त्यांच्या पोटात कमीत कमी काय जाईल हे बघायचं. मी दोघांच्या मधे बसतो. डावीकडे 'खा, खा', उजवीकडे 'पुरे, पुरे', असं माझं मुंडकं टेबलफॅनसारखं फिरत असतं. एकदा या गडबडीत उजवीकडचं 'पुरे' चुकून डावीकडे गेलं आणि चिरंजीव तत्काळ उठून हात धुऊन आले. माझी आज्ञा पहिल्या हाकेत पाळली गेल्याचं तेवढं एकच उदाहरण आमच्या घरात आहे.

चिरंजीवांच्या नजरेबद्दल एक स्वतंत्र लेख होईल. पायाखाली पडलेला स्वतःचा मोजा त्याला दिसत नाही. डोळ्यांसमोर ठेवलेली पाण्याची बाटली दिसत नाही. पण वरणाच्या तळाशी कोथिंबिरीचं अर्धं पान दडून बसलं असेल, तर तो ते चिमटीत धरून बाहेर काढतो आणि ताटाच्या कडेला चिकटवतो. जेवण संपतं तेव्हा त्याच्या ताटाभोवती कढीपत्ता, टोमॅटोची सालं, मोहरी आणि न भरडलेलं जिरं अशी चौरंगी रांगोळी तयार असते. या नजरेला चुकवण्यासाठी माझ्या बायकोनं काय केलं नाही? पालक पराठ्यात लपवला, दुधी थालीपिठात किसला, बीट इडलीच्या पिठात वाटून घातलं. गुलाबी इडली समोर आली तेव्हा चिरंजीवांनी तिच्याकडे बराच वेळ बघून विचारलं, "आई, हिला ताप आलाय का?"

तो अगदी लहान होता तेव्हा बरं होतं. एक घास चिऊचा, एक काऊचा, यावर वाटीभर मऊ भात आत जायचा. मग पक्षी संपले म्हणून आम्ही नातेवाईक काढले. हा मामाचा, हा काकूचा, हा आत्याचा. एके दिवशी त्यानं आत्याच्या घासाला तोंड घट्ट मिटून घेतलं. नेमकी आत्या समोर बसलेली. तिनं हसून साजरं केलं, पण पुढच्या भाऊबिजेपर्यंत आमच्याकडे तिचं येणं जरा कमीच झालं.

नातेवाइकांचा आणखी एक उपद्रव असतो. आपल्याकडे कुणीही कुणाच्याही घरात शिरताना चपला काढता काढता मुलाकडे बघतं आणि म्हणतं, "वाळलाय की हो!" मूल वाळलेलं नसेल तर "अंगाला काही लागत नाही याच्या" हे वाक्य तयार असतं. मूल खरोखरच गुटगुटीत असेल तर "जरा हातपाय ताणले की बारीक होईल" असा भविष्यकाळ वापरतात. शेवटी आम्ही चिरंजीवांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उंची मोजली, वजन केलं, तक्त्यावर एक टिंब काढलं आणि म्हणाले, "उत्तम आहे. याला सोडा." मग चष्म्यावरून माझ्या पोटाकडे बघत म्हणाले, "तुमचं काय वजन आहे?"

'याला सोडा' हे शब्द अण्णांना कळू नयेत म्हणून मी बराच प्रयत्न केला. कारण अण्णांचा जन्मभराचा नियम होता, पानात पडेल ते खायचं आणि पानात काही टाकायचं नाही. अण्णा माण तालुक्यातले. माणात पाऊस पडला तर गावजेवण घालावं असा तो मुलूख. 1972 च्या दुष्काळात ते नुकतेच मास्तर झाले होते. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीचं ते जे वर्णन करतात ते ऐकल्यावर आपण निमूटपणे पुढचा घास घेतो. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जायची, तिची चवही त्यांना अजून आठवते. तेव्हा पानात भात टाकून उठणाऱ्या मुलाकडे अण्णा ज्या नजरेनं बघत, त्या नजरेत सबंध माण तालुका उभा असे. पण त्याचं काय झालं, की दुष्काळ सरला, सातारला बदली झाली, घरात धान्याच्या कोठ्या आल्या, फ्रिज आला, तरी नियम मात्र बहात्तर सालातच राहिला. यात आपण एकटे नाही म्हणा. पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं धान्य वाचवण्यासाठी 1917 मध्ये खास खातं काढलं, आणि ताट चाटूनपुसून रिकामं करण्याच्या शपथा तिथल्या शाळकरी पोरांनीही घेतल्या. युद्ध संपलं. ताटं पुसणं संपलं नाही.

माझ्या बाबतीत हा सगळा नियम एका भाजीभोवती फिरत होता. दोडका. दोडका हे नाव उच्चारतानाच जीभ जराशी नाराज होते. शिजला की त्याला स्वतःचा आकार राहत नाही, चव राहत नाही, काही बाणाच नाही. आई त्यात हरभऱ्याची डाळ घालायची, मी डाळ वेचून खायचो आणि उरलेला दोडका वाटीखाली सरकवायचो. वाटी उचलून बघणं हे अण्णांचं रोजचं काम होतं. वर्गात तपासणी आणि घरी तपासणी. बरं, भाजीतून सुटलो तरी सुटका नसे, कारण दोडक्याच्या शिरा फेकून देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. तीळ-खोबरं घालून त्यांची चटणी व्हायची. म्हणजे दोडका एका दिवसात दोनदा गाठायचा.

मी तोंड वाकडं केलं की अण्णा 'श्यामची आई' काढत. साने गुरुजींच्या त्या पुस्तकातल्या अळणी भाजीची गोष्ट मराठी घरात कुणाला सांगावी लागत नाही. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि श्यामचे वडील तक्रारीचा चकार शब्द न काढता ती खातात. रांधणाऱ्याचं मन दुखवू नये म्हणून. "मीठसुद्धा मागितलं नाही त्यांनी," अण्णा दरवेळी म्हणत. मी आठ वर्षांचा असताना एकदा म्हणालो, "पण त्यांच्या भाजीत फक्त मीठच नव्हतं ना. आपल्या भाजीत दोडका आहे." त्या रात्री मी साडेआठपासून दहापर्यंत पानावर बसून होतो. दोडका गार झाला, मग आणखी गार झाला. शेवटी अण्णा अंगणात शतपावलीला गेले आणि आईनं पान उचललं.

आवडतं ते मात्र माळ्यावर असायचं. दिवाळीचा चकलीचा डबा अण्णा स्वतः स्टुलावर चढून माळ्यावर ठेवत आणि दिवसाला दोन या हिशेबानं काढत. चकलीच्या ओढीनं मी सातव्या वर्षी स्टूल, त्यावर पाट, त्यावर उलटी कळशी असं जे बांधकाम केलं, तसं पुढे सिव्हिल इंजिनियरिंगच्या चार वर्षांत कधी जमलं नाही. नंतर वाचनात आलं, की फिशर आणि बर्च या दोन बायकांनी अमेरिकेत लहान मुलांवर याच विषयाचा प्रयोग केला होता. 1999 सालची गोष्ट. एक खाऊ पारदर्शक बरणीत घालून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि तो घ्यायला मनाई केली. दुसरा तसलाच खाऊ हवा तेवढा घ्या म्हटलं. मुलांचं सगळं लक्ष बरणीत. तिच्याबद्दलच बोलणं, तिच्याकडेच हात. हे सिद्ध करायला त्यांना एवढा खटाटोप करावा लागला. आमच्या सातारच्या घरी आल्या असत्या तर कळशी बघून काम झालं असतं.

तर डॉक्टरांच्या 'याला सोडा'पासून मी वाचायला लागलो आणि क्लारा डेव्हिस नावाच्या बाईंपाशी येऊन थांबलो. या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ. 1926 च्या सुमारास, म्हणजे ज्या काळात तिकडचे डॉक्टर बाळाला किती वाजता किती औंस काय द्यायचं याचे छापील तक्ते आईच्या हातात ठेवत, त्या काळात यांनी उलटं केलं. अंगावरचं नुकतं सुटलेली, सहा ते अकरा महिन्यांची बाळं घेतली. पुढे ती एकूण 15 झाली. त्यांच्यासाठी 34 पदार्थांची यादी केली. दूध, अंडी, केळी, सफरचंद, बीट, गाजर, ओट, कलेजी, अगदी हाडातला मगजसुद्धा. दर जेवणाला त्यांतले काही पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांतून समोर ठेवायचे. एकात एक मिसळायचं नाही. मीठही वेगळ्या वाटीत.

आणि नर्सनं काय करायचं? चमचा हातात धरून गप्प बसायचं. बाळानं वाटीकडे हात केला तर भरवायचं. नाही केला तर नाही. खाल्लं म्हणून शाबासकी नाही, टाकलं म्हणून नाक मुरडणं नाही. बोटं घालून खाल्लं तरी 'शी' नाही. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि डोळ्यांपुढे चित्र आणून बघितलं. आमच्याकडची कुठलीही आजी, मावशी, आत्या, शेजारीण, मूल जेवत असताना हातात चमचा धरून गप्प बसली आहे. चित्र येईना. त्या नर्सना पगार किती होता हे बघायला हवं.

पोरांनी सुरुवातीला वाट्या चावून बघितल्या, चमचे चावले, ट्रेची कड आणि वरचा कागदसुद्धा चावून बघितला. मिठाची चिमूट तोंडात घातली, ठसका लागला, रडली, पण थुंकली नाहीत. पुन्हा हात मिठाकडेच. मग हळूहळू एकेकाच्या आवडी ठरल्या आणि कुणाचीच दुसऱ्याशी जुळली नाही. एकानं न्याहारीला संत्र्याचा मोठा पेलाभर रस आणि कलेजी खाल्ली. एकानं रात्री अंडी, केळी आणि दूध. आपल्याकडे अंडी, केळी आणि दूध एका रात्री म्हटलं की सगळी आळी आयुर्वेदाचार्य होते, पण ती पोरं चांगली वाढली. एका बाळाची हाडं मुडदुसानं मऊ झाली होती, त्याच्या समोर माशाचं तेल ठेवलं. बरं होईपर्यंत ते आपणहून प्यायलं आणि बरं झाल्यावर बंद केलं. वजनं नीट, तब्येती उत्तम.

मी हे सगळं रात्री जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकोनं शांतपणे विचारलं, "त्या चौतीस पदार्थांत वेफर्स होते का?" नव्हते. साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. डेव्हिसबाईंनी 1939 मध्ये स्वतःच लिहून ठेवलं आहे, की या प्रयोगातली गोम त्या यादीतच आहे. मूल काहीही निवडो, निवडायला वाईट काही ठेवलंच नव्हतं. बाजारी पदार्थ ठेवून पुढचा प्रयोग करायचा त्यांचा विचार होता, पण तिकडे महामंदी आली आणि पैसे आटले. तो राहिलेला प्रयोग आता आपण सगळे मिळून घरोघर करतो आहोत.

तसा हा प्रयोग आमच्याकडे एकदा होऊन गेला होता. बोरन्हाणात. संक्रांत ते रथसप्तमीच्या मधे चिरंजीवांना काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, शेंगा ओतल्या. हल्लीच्या रीतीप्रमाणे गोळ्या-चॉकलेटंही. सोसायटीतली मोठी पोरं चॉकलेटांवर तुटून पडली. त्या धुमश्चक्रीत आमचे दीड वर्षाचे उत्सवमूर्ती एकेक चुरमुरा जमिनीवरून उचलून तब्येतीत खात बसले होते. बाजूला चॉकलेट पडलं होतं, तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. आणि आम्ही मोठी माणसं काय करत होतो? ओरडत होतो. "अरे, खाली पडलेलं खाऊ नको!" सगळंच खाली पडलेलं होतं. सोहळाच तो होता.

शाळेत जायला लागल्यावर प्रकरण हाताबाहेर गेलं. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकायचे नाहीत असा केंद्राचा 2020 सालचा नियम आहे. पन्नास मीटर म्हणजे सात वर्षांच्या मुलाला साधारण वीस सेकंद. गोळेवाला एक्कावन्नाव्या मीटरवर उभा असतो. शाळेच्या आतलं राजकारण त्याहून गहन. डबा रोज रिकामा येत होता आणि मी खूश होतो. मग पालकसभेत एक बाई म्हणाल्या, "तुमच्याकडची गवार आमच्या मुलाला फार आवडते हो." आमच्या गवारीच्या बदल्यात आमचे चिरंजीव त्यांच्याकडचं काय खात होते? कारलं. गूळ घातलेलं, पण कारलंच! ज्या मुलासमोर घरी कारल्याचा उच्चार झाला तर तो टेबलाखाली जातो, तो मधल्या सुट्टीत दुसऱ्याच्या डब्यातलं कारलं हक्कानं मागून घेत होता. घरी मी विचारलं. तो म्हणाला, "ते त्याच्या आईचं आहे."

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण त्याच आठवड्यात मी एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचा नियम घरात जाहीर केला. काय, कधी आणि कुठे, हे आईबापांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. पानाबाबत अवाक्षर काढायचं नाही. "डेव्हिसच्या नर्सेस व्हायचं," मी म्हणालो. चिरंजीवांना तो खेळ वाटला आणि नियम त्यांनी पाठ करून टाकला.

पहिल्या दिवशी त्यानं साधा वरणभात खाल्ला, तीनदा मागून. दुसऱ्या दिवशी लिंबाच्या लोणच्याची एक फोड आणि पोळीचा मधला गोल. मी जीभ चावून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी काहीच नाही, झोपताना "भूक लागली", आणि दूध. चौथ्या दिवशी त्यानं मेथीच्या भाजीतला लसूण वेचून खाल्ला. म्हणजे आयुष्यभर मी ज्या डाळीसाठी बोलणी खाल्ली तेच. पाचव्या दिवशी थोडी मेथीही गेली, लसणाला चिकटली होती म्हणून असेल. मी विजयानं बायकोकडे बघितलं. तेवढ्यात उजवीकडून आवाज आला.

"हा नियम चांगला आहे," अण्णा म्हणाले. "काय, कधी, कुठे ते तू ठरव. किती ते मी ठरवणार. सूनबाई, श्रीखंड वाढ."

"अण्णा, तुमची तीन महिन्यांची साखर बघितलीत का?"

"डेव्हिसबाईंनी बाळांच्या तब्येती शेवटी तपासल्या ना? माझीही तपासा की. आधी खाऊ तर द्या."

माझ्या लहानपणी ज्यांनी रोज वाटी उचलून दोडका शोधला, त्यांची वाटी आता मी उचलून बघतो, श्रीखंडासाठी. तिच्याही खाली अर्थात काहीतरी दडवलेलं असतंच. मागच्या महिन्यात त्यांच्या उशीखाली पेढ्याचा कागद सापडला तेव्हा नातू साक्षीला आला, "तो माझा आहे." या दोघांत काहीतरी करार झाला आहे. चिरंजीव आपल्या पानातला दोन घास भात आजोबांच्या पानात सरकवतात, आजोबा आपला गूळ इकडे. दोन्हीकडचा हिशेब बरोबर दिसतो. पहारेकऱ्याला पत्ता नाही.

शिवाय आता पहारा माझ्याकडेही वळू लागला आहे. सीबीएसईनं 2025 मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. कशात किती साखर असते, किती खावी, असं त्यावर असतं. चिरंजीव ते वाचून आले आणि त्यांनी माझा चहा मोजला. एका कपात दोन चमचे, दिवसात पाच कप. "आजोबांना का ओरडता मग?" असं त्यांनी विचारलं. अण्णांनी वर्तमानपत्र जरा वर केलं. कागद हलत होता.

पण खरी वेळ आली ती परवा. अण्णा नातवाला माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगत होते. साडेआठपासून दहापर्यंत पानावर बसलेला तो मुलगा, गार झालेला दोडका, अंगणातली शतपावली, सगळं रंगवून. चिरंजीवांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "आजोबा, दोडका म्हणजे काय?"

घरात शांतता पसरली. अण्णा म्हणाले, "दोडका माहीत नाही तुला?"

"नाही. प्राणी आहे का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. बायकोनंही बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर बारा वर्षांचा हिशेब उलगडत गेलेला मला दिसला. आमच्या घरात भाजी मी आणतो. लग्नानंतर लगेच मी ते काम अंगावर घेतलं होतं आणि त्याबद्दल तिच्या माहेरी माझं कौतुक आहे. दर रविवारी सकाळी मी पिशव्या घेऊन मंडईत जातो. भेंडी आणतो, गवार आणतो, दुधी, पडवळ, कारलं, शेपू, सगळं आणतो आणि मुलानं ते खावं म्हणून जिवाचं रान करतो. दोडका बारा वर्षांत एकदाही आणलेला नाही. मी तो ठरवून टाळला असं नाही. त्या टोपलीपाशी माझे पाय आपोआप भरभर पडतात इतकंच.

"काय ते आईबापांनी ठरवायचं," बायको हळूच म्हणाली.

या रविवारी पिशवी अण्णांनी घेतली. नातवाला बरोबर नेलं. दोघं तासाभरानं परत आले, कोवळे, हिरवेगार, धारदार शिरांचे पाऊण किलो दोडके घेऊन. चिरंजीव एक दोडका तलवारीसारखा धरून आत आले. दुपारी शिरा काढल्या, चटणी वाटली गेली. अण्णांनी भाजीची कृती सूनबाईंना स्वतः सांगितली, हरभऱ्याची डाळ मुद्दाम कमी घालायला लावली.

रात्री पानं मांडली. अण्णांनी दोडका दोनदा घेतला, साखरेला चालतो म्हणून जरा जास्तच ऐटीत. चिरंजीवांनी एक फोड जिभेवर ठेवली, छताकडे बघितलं, विचार केला, आणि ती ताटाच्या कडेला कढीपत्त्याशेजारी लावून टाकली. चटणी मात्र बरी वाटली असावी, तिला बोट लावलं. मग तिघांनीही जेवण थांबवलं आणि माझ्या पानाकडे बघायला लागले.

माझ्या पानात दोडका पडला होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी. मी डाळ शोधत होतो.

अण्णांनी घसा खाकरला. "पानात पडेल ते..."

"आजोबा, शू!" चिरंजीव म्हणाले. "बोलायचं नाही. खायचं की नाही ते बाबांचं बाबा ठरवतील. मागितलं तरच द्यायचं."

तिघेही गप्प बसले. बायकोच्या हातात तर खरोखरच चमचा होता. मी पहिला घास घेतला, चावला, थोडा वेळ तोंडातच ठेवला, आणि मीठ मागितलं.

अण्णांनी कपाळाला हात लावला. चिरंजीवांनी मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.